कोअरवाले नाना

तालुक्याच्या गावात काही माणसं कोणत्याच पदावर नसतात, पण त्यांच्यावाचून गाडं अडतं. लग्नपत्रिकांचा गठ्ठा नुसता हातात तोलून पंगतीला किती किलो साखर लागेल ते सांगणारा एक असतो. तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा दाखवणारा एक असतो. आणि वस्तू घ्यायला सोबत न्यायचा एक असतो. या तिघांत तिसऱ्याची जोखीम मोठी. विहिरीला पाणी लागलं नाही तर नारळवाला ‘खाली खडक आडवा आला’ म्हणून मोकळा होतो. सोबत गेलेल्या माणसाला ती सोय नाही. वस्तू घरात बसून रोज त्याच्याविरुद्ध साक्ष देत राहते.

आमच्या गंगापुरात हे पद नानांकडे आहे, आणि ते वारशानं आलेलं आहे.

नानांचे वडील बैल पारखायचे. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी त्यांच्या ओट्यावर यायचं, चहा घ्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून बाजाराला निघायचं. बाजारात ते बैलाच्या जबड्यात हात घालून दात मोजायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. मग खांदा दाबायचा, खूर बघायचे, चार पावलं चालवून घ्यायचा आणि शेवटी दलालाशी उपरण्याखाली बोटं धरून सौदा. पण जुनी माणसं सांगतात, त्यांचा पहिला प्रश्न बैलवाल्याला नसायचा, घेणाऱ्याला असायचा. “रान केवढं? काळं का मुरमाड? नांगर धरायचा का नुसती गाडी हाकायची?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते बाजाराची वाट धरत नसत.

नानांनी वडिलांकडून दात मोजायचं तेवढं घेतलं.

बैलबाजार उतरत गेला तसे नाना नव्या जनावरांकडे वळले. आमच्याच तालुक्यातल्या वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढं गावात घरोघर दुचाकी आली, आणि दुचाकी घेणारा प्रत्येकजण नानांना घेऊन शोरूमला गेला. नाना इंजिनाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, “पिकअप हाये.” मग रंगीत टीव्ही आला, मिक्सर आला, मोबाइल आला. प्रत्येक वस्तूत मोजण्यासारखं काहीतरी असतंच, आणि नानांना ते बरोबर सापडायचं. टीव्हीचे इंच, मिक्सरचे वॅट, मोबाइलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल. आकडा मोठा तो माल चोख, हे नानांचं शास्त्र. ते गावाला पटायचं, कारण आकडा गावालाही वाचता येत होता.

मग एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा आली. सरकारी नोकरीत ती सक्तीची झाली आणि वेतनवाढ अडकू नये म्हणून महाराष्ट्रातल्या पन्नाशीच्या गुरुजींनी, तलाठ्यांनी, ग्रामसेवकांनी थरथरत्या हातानं माऊस धरला. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की आता पुढं कुठं सरकवायचा म्हणून थांबलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. त्यातला एक मी होतो. नाना एका शिक्षणसंस्थेत लिपिक. ते पहिल्या झटक्यात त्र्याण्णव मार्कांनी पास झाले. त्यांनी प्रमाणपत्राला चौकट करून ते दत्ताच्या तसबिरीशेजारी लावलं. त्या दिवसापासून दत्ताला वाहिलेल्या उदबत्तीतली अर्धी कुणाला जाते, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

पोशाख तोच राहिला, पांढरा हाफ शर्ट आणि खाकीकडे झुकणारी पँट. पण खिशात दोन पेनांच्या मधोमध टेस्टर आला, आणि गळ्यात काळ्या गोफात एक पेनड्राइव्ह आला. ताईतासारखा. लोकांना वाटायचं त्यात ज्ञान आहे. प्रत्यक्षात त्यात तालुक्यातल्या यच्चयावत कॉम्प्युटरांतले व्हायरस गुण्यागोविंदानं नांदत होते. नाना ज्या मशीनला तो ताईत बांधत, ते मशीन आठ दिवसांत आजारी पडे. मग ते बरं करायलाही नानाच जात. वैद्य आणि साथ एकाच गोफात फिरतात असं दुसरं गाव माझ्या पाहण्यात नाही.

याच सुमाराला नानांना ‘कोअर’ हा शब्द सापडला, आणि त्यांची ओळखच पालटली. घरात नवा फ्रिज आला म्हणून पेढे द्यायला गेलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं होतं, “किती कोअरचा हाये?”

आमची पाळी आली ती २००९ साली. मुलगी दहावी पास झाली आणि घरात कॉम्प्युटर हवा असा ठराव एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मी आणि बायको तटस्थ होतो. पंचवीस हजार रुपये बाजूला काढले आणि रिवाजाप्रमाणे नानांना चहाला बोलावलं.

नानांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि थेट मुद्द्यावर आले.

“सर, डुअल का क्वाड?”

मी हायस्कूलला भूगोल शिकवतो. मला वाटलं हे एखाद्या पठाराचं नाव असावं. माझा चेहरा बघून नानांनी मुलीच्या कंपासपेटीतून खडूचा तुकडा मागवला आणि आमच्या ओसरीच्या शहाबादी फरशीवर चौकोन काढला.

“हा प्रोसेसर. याच्यात हिशोब करणारा कारकून बसलेला असतो, त्याला म्हणायचं कोअर. पूर्वी एकच कारकून होता. त्यालाच दरसाल जास्त जोरात पळवायचे. पेंटियम फोर पळता पळता तीन पॉइंट आठ गिगाहर्ट्झला गेला आन् असा तापला, सर, असा तापला, की २००४ ला इंटेलनं चारचा बेतच सोडून दिला. मंग त्यांनी काय केलं? एकाच खोलीत दोन कारकून बसवले. ते झालं डुअल. २००६ सरता सरता चार बसवले. ते क्वाड.”

सांगायला हवं, हे सगळं खरं होतं. नानांची हीच अडचण आहे. त्यांची माहिती खोटी नसते. ती माहिती घेऊन ते ज्या गावाला पोचतात, ते गाव वेगळं निघतं.

“म्हणजे क्वाड दुप्पट फास्ट?” मुलीनं विचारलं.

“दुप्पट कामून नाही? दोन कारकून एक फाइल उरकत्यात तवर चार जण दोन फायली उरकणार. साधं गणित हाये बेटा.”

“फाइल एकच असली तर?”

नानांनी खडू खाली ठेवला. मुलगी गणितात पंच्याण्णव मार्कांनी पास झाली होती, म्हणजे नानांच्या एमएस-सीआयटीपेक्षा दोन जास्त. त्यांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि तोफ बाहेर काढली.

“सर, अमेरिकेनं आपल्याला पाहिजे तो सुपर कॉम्प्युटर दिला नाही. मंग आपल्या विजय भटकरांनी काय केलं? पुण्यात सी-डॅक उभी केली. १९९१ ला ‘परम’ तयार करून दाखवला. कसा? एक मोठा प्रोसेसर घेऊन नाही. लहान लहान चौसष्ट जोडून! माणूस आपला, अकोला जिल्ह्यातला. चौसष्ट जोडले त्यानं. आन् तुम्ही चारला भेता?”

ओसरीवर क्षणभर देशभक्तीची शांतता पसरली. भटकरांचं नाव आल्यावर दोन कोअरचा कॉम्प्युटर घेणं म्हणजे फितुरी वाटायला लागली. मी जवळजवळ हो म्हणणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायकोचा आवाज आला.

“भाऊजी, चौसष्ट जोडून त्यांनी करायचं काय होतं?”

“हवामानाचा अंदाज, वहिनी. असली लई अवघड गणितं.”

“आणि आपल्याला करायचंय काय?”

नाना थांबले. मी बायकोकडे बघितलं, बायकोनं मुलीकडे बघितलं. मुलीनं सांगितलं: प्रोजेक्ट टाइप करायचे, इंटरनेट लावायचं, गाणी ऐकायची, आणि थोडं सी-प्लस-प्लस. माझी गरज निकालपत्रकं. बायकोनं पुस्ती जोडली, “भिशीचा हिशोब.”

नानांच्या चेहऱ्यावर, जातिवंत खिलारी जोडी दळणाच्या गाडीला जुंपताना बघावी तशी कळा आली. “वहिनी,” ते म्हणाले, “आजचं बघून चालत नाही. फ्युचरप्रूफ घ्यावं लागतं.” फ्युचरप्रूफ हा शब्द ते स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगच्या सुरात उच्चारत. भविष्यकाळ वरून गळतोय आणि क्वाड कोअर घेतला की तो थांबणार, असं काहीतरी त्या सुरात होतं.

बायको पिठाचे हात झटकत बाहेर आली. “भाऊजी, होळीला माझ्याकडं चार जावा येतात पोळ्या लाटायला. चौघी बसल्या की पोळ्या पटापट होतात, नाही म्हणत नाही. पण पुरण एकाच पातेल्यात शिजतं. डाळ शिजेपर्यंत चौघी माझ्या... आपलं, दुसऱ्यांच्या सुनांच्या तक्रारी करत बसतात. जावा आठ आणल्या तर डाळ लवकर शिजेल का?”

पुढं बऱ्याच वर्षांनी मुलीनं मला सांगितलं की जीन ॲम्डाल नावाच्या संगणकतज्ज्ञानं १९६७ साली नेमकं हेच मांडलं होतं. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तो तुमच्या सगळ्या वेगाला वेसण घालतो, मग कितीही प्रोसेसर लावा. त्या नियमाला त्याचं नाव आहे. आमच्या घरात त्या नियमाला पुरणाचा नियम म्हणतात.

नाना मात्र अॅम्डालला किंवा पुरणाला शरण जाणारे नव्हते. “दुकानात बोलू,” म्हणून उठले.

रविवार सोडून, बुधवारी रजा टाकून आम्ही तिघं एसटीनं औरंगाबादला निघालो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दहेगाव बंगला गेलं, लिंबेजळगाव गेलं, वाळूज गेलं, छोटं पंढरपूर आलं. नानांनी खिडकीतून विठोबाला हात जोडले आणि सबंध प्रवासात मला एएमडीची कथा सांगितली. इंटेलचा क्वाड म्हणे खरा एकसंध नाही. डुअलच्या दोन चिपा शेजारी शेजारी ठेवून वरून एकच झाकण लावलंय. एएमडीचा फेनम मात्र अस्सल, चारही कोअर एकाच चिपेवर.

“म्हणजे इंटेलचं घर वाटणी झालेलं,” मी म्हणालो.

“बरोबर! दोन भाऊ इकडं, दोन भाऊ तिकडं, मधी भिंत. इकडच्या घरातलं मीठ तिकडं द्यायचं तर अंगणातून फिरून जावं लागतं.”

हेही खरंच होतं. नानांच्या तोंडून ते इतकं सुरेख उतरलं की मला वाटलं, हा माणूस शिक्षक व्हायला हवा होता. मग मी विचारलं, “तर मग एएमडी घ्यायचा?” नाना म्हणाले, “छ्या! इंटेलच.” का ते त्यांनी सांगितलं नाही. पारख्यानं एवढी तरी गूढता राखली नाही तर त्याला चहा कोण पाजणार?

दुकान जिन्याखालून आत जाणारं. काउंटरवर विशी-बाविशीचा पोरगा, मागं मदरबोर्डांच्या खोक्यांची उतरंड. नाना काउंटरला कोपर टेकवून उभे राहिले. बैलाच्या जबड्यात हात घालायच्या आधी त्यांचे वडील असेच उभे राहत असणार.

“क्वाड दाखव.”

पोरानं दोन डब्या ठेवल्या. तळहातात मावणारी निळी खोकी. एक कोअर टू डुओ ई-७४००, दुसरी कोअर टू क्वाड क्यू-८२००. नानांनी क्वाडची डबी उचलली, उलटी केली, कानाशी धरून हलवून बघितली. काय वाजायला हवं होतं कोण जाणे. समाधान झालं.

मी चष्मा चढवून दोन्ही डब्यांवरचं बारीक वाचलं. डुअलवर २.८ गिगाहर्ट्झ लिहिलं होतं, क्वाडवर २.३३.

“नाना, हा तर आकडा कमी आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा नानांसमोर दोन आकडे एकमेकांविरुद्ध उभे होते. मोठा आकडा तो चोख माल, हे शास्त्र घेऊन ते वर्षानुवर्षं चालले होते, आणि इथं एका डबीवर चार मोठे होते, दुसरीवर २.८ मोठे. त्यांनी टेस्टर काढून कपाळ खाजवलं.

पोरगा मदतीला आला. “सर, एकेक कोअर बघितला तर डुओचा जास्त पळतो. क्वाडचे हळू पळतात, पण चार आहेत. सॉफ्टवेअरला चौघांना काम वाटून देता आलं तरच उपयोग. वर्ड, इंटरनेट, गाणी, असल्या कामाला डुओच बरा वाटेल. आणि क्वाड पंच्याण्णव वॅटचा आहे, डुओ पासष्टचा.”

“म्हणजे साधारण शंभरचा बल्ब आणि साठचा बल्ब,” मी म्हणालो.

“तसंच.”

आमच्या घराच्या त्या खोलीवर पत्रे आहेत. मे महिन्यात त्या खोलीत शंभरचा बल्ब जास्तीचा लावायचा म्हणजे काय, हे मला प्रोसेसरपेक्षा चांगलं कळत होतं. पण नाना बधेनात. “काम काय करणार?” असं पोरानं विचारलं तर ते त्याच्यावरच उखडले, “तू माल दाखव, पंचायत करू नको.” फरक तीन हजारांच्या आतबाहेरचा होता. नानांचं म्हणणं, तीन हजारांकडं बघून आयुष्याचा निर्णय घेत नसतात.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. बायको.

“घेतला का?”

“बोलणं चाललंय. दोन कोअरचा का चार.”

“ते तुमचं चालू द्या. लाइटचं काय केलं?”

त्या वर्षांत आमच्याकडं लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेला टाचणीनं लावलेलं असे आणि एकादशीपेक्षा काटेकोरपणे पाळलं जाई. वेळापत्रकाबाहेर जी लाइट जायची तिचा हिशोब कुणीच ठेवत नसे. कारण त्याला कॉम्प्युटर लागला असता, आणि कॉम्प्युटरला लाइट.

मी पोराला यूपीएसची किंमत विचारली. यूपीएस आणि वर एक जीबी जास्तीची रॅम, दोन्ही मिळून जवळपास तेवढेच पैसे होत होते, जेवढे क्वाडला जास्त लागणार होते. पंचवीस हजारांची चादर तेवढीच. डोकं झाकलं की पाय उघडे.

मी ई-७४०० घेतला. सोबत यूपीएस घेतला.

परतीच्या बसमध्ये कॅबिनेट माझ्या मांडीवर, मॉनिटरचं खोकं मुलीच्या पुढ्यात आणि यूपीएस नानांच्या पायांत. सात-आठ किलोचा तो ठोकळा त्यांनी गंगापूरपर्यंत पायानं धरून ठेवला, पण लिंबेजळगाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “दोन वर्षांत रडाल, सर.”

महिन्याभरात नानांनी स्वतःच क्वाड घेतला. पतसंस्थेचं कर्ज काढून. म्हाताऱ्या आईनं विचारलं, “कशाला रं?” तर म्हणाले, “गावाला दाखवायला तरी एक पाहिजे.”

आणि गाव खरंच बघायला गेलं. नाना कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडायचे. पडद्यावर चार काळ्या चौकटी यायच्या, प्रत्येक कोअरची एक. पाहुण्यांना चहा, आणि हे दर्शन. मीही गेलो. पहिल्या चौकटीत हिरवी रेघ जरा थरथरत होती. उरलेल्या तिन्हींत ती तळाशी निपचित पडली होती, मे महिन्यातल्या नाथसागराच्या पाण्यासारखी.

“बाकीचे तिघं काय करतात?” मी विचारलं.

“राखीव हायेत,” नाना म्हणाले, आणि पुढं पत्त्यांचा डाव लावू लागले. काळ्या दश्श्यावर लाल नव्वा ठेवायला एक कोअर पुरतो, हे त्यांनाही दिसत असणार. पण माणसानं दाराशी चार बैल बांधले की कुळीथ-कडबा घालताना त्याला जी श्रीमंती वाटते, ती गाडी किती वेळा जुंपली यावर अवलंबून नसते.

तेवढ्यात लाइट गेली. चारही कोअर एकदम झोपले. नाना अंधारात बसून राहिले. आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, “तुझा बाप आधी रान इचारायचा रं.”

मी घरी आलो तर माझ्या दोन कोअरच्या कॉम्प्युटरचा यूपीएस टिटवीसारखा ओरडत होता आणि मुलगी घाईघाईनं निबंध सेव्ह करत होती. तो झाला, मशीन रीतसर बंद झालं. त्या रात्री मी नानांना फोन करून हे सांगितलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतं.

इथवर गोष्ट संपली असती तर ती माझ्या शहाणपणाची झाली असती. पण पुढं लग्नसराई आली.

गावात एक शूटिंगवाला पोरगा आहे. लग्नं, मुंजी, निरोप समारंभ, सगळं त्याच्याकडं. तीन-तीन तासांचं शूटिंग कापायचं, त्याला गाणी लावायची, नवरा-नवरीभोवती गुलाबाच्या पाकळ्या फिरवायच्या आणि मग त्याची डीव्हीडी करायची. या शेवटच्या कामाला त्याच्या जुन्या मशीनवर इतका वेळ लागायचा की मधेच लाइट जायची आणि वरात पुन्हा पारापासून सुरू करावी लागायची. नवरीकडची मंडळी सत्यनारायण उरकून मोकळी झाली तरी यांची फिल्म सप्तपदीच्या चौथ्या पावलावर अडकलेली. तो नानांकडं आला.

नानांनी त्याला मशीनपुढं बसवला. बटण दाबलं. आणि टास्क मॅनेजरच्या चारही चौकटींत हिरवी रेघ वर चढली ती थेट छताला लागली. चारही. नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले. कुणाच्या पोराला नोकरी लागल्यावर बाप उभा राहतो, तसे.

कारण व्हिडिओचं काम खरोखरच वाटून घेता येतं. चित्रांचा एक तुकडा याला, दुसरा त्याला. भटकरांच्या चौसष्टांनाही हवामानाचे असेच वाटे घातलेले होते. इथं डाळ शिजायची वाट बघणं थोडं, लाटणंच फार. अशा कामाला चार जावा लागतात, आणि त्या मंद असल्या तरी चालतात.

रात्री साडेनऊला नाना माझ्या दारात. गोफातला पेनड्राइव्ह पाठीवर गेलेला, श्वास लागलेला.

“सर, एक काम होतं.”

“बोला.”

“यूपीएस पाहिजे व्हता. रातच्याला.”

त्यांनी हिशोब मांडला. रात्री दहाला लाइट येणार, पहाटे चारला जाणार. मधले सहा तास. दोन कोअरवर फिल्म त्या सहा तासांत बसत नाही, चारवर बसते. फक्त अधेमधे लाइट डोळा मारते, मिनिट-दोन मिनिटं जाते-येते, तेवढं झेलायला यूपीएस हवा. लोडशेडिंगच्या दोन पाळ्यांच्या मधोमध एक अख्खं लग्न बसवण्यासाठी क्वाड कोअर लागतो, ही बाब इंटेलच्या कुठल्याही जाहिरातीत मी वाचलेली नाही. ती गंगापुरातच कळते.

मी यूपीएस सोडवून दिला. तो ठोकळा उचलून नाना अंधारात निघाले. जाताना वळले आणि म्हणाले, “वजनाला चांगला हाये.” त्यांच्या तोंडून यूपीएसची ही पहिली आणि शेवटची स्तुती.

फिल्म पहाटे तीनला निघाली. त्या लग्नसराईत यूपीएस आमच्या घरी कमी आणि नानांकडं जास्त राहिला. पुढं शूटिंगवाल्यानं तो क्वाडच नानांकडून विकत घेतला, आणि नानांचं पतसंस्थेचं कर्ज फिटलं. वस्तू चुकीच्या दावणीला होती, ती बरोबर दावणीला गेली. नानांचे वडील असते तर हे बाजारातच झालं असतं.

माझा डुओ पुढं सहा वर्षं चालला. नानांच्या भाकिताप्रमाणे मी दोन वर्षांत रडलो नाही. पाचव्या वर्षी मात्र तो खरंच रडवायला लागला. तेव्हा मुलीनं जुनी हार्डडिस्क काढून तिथं एसएसडी बसवली आणि तो पोरासारखा पळायला लागला. कोअर दोनाचे दोनच होते. अडत होतं ते कारकुनापाशी नव्हे, फाइल आणून देणाऱ्या शिपायापाशी. नानांना सांगितलं तर म्हणाले, “ते मी तेव्हाच म्हणलो व्हतो.” ते तेव्हा असं काही म्हणाले नव्हते. मी मान हलवली.

आता नाना निवृत्त आहेत. शहराचं नाव बदललं, कॉम्प्युटर जाऊन लॅपटॉप आले, आणि ज्याच्या त्याच्या खिशात आठ कोअरचा मोबाइल आला. नानांचा धंदा वाढला. नव्या प्रोसेसरांत सगळे कोअर सारखे नसतात. काही थोरले, दणकट. काही धाकटे, कमी वीज खाऊन किरकोळ कामं उरकणारे. म्हणजे नुसते कोअर मोजून आता काहीच कळत नाही. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “म्हणजे एकत्र कुटुंब,” म्हणाले. मग जरा विचार करून विचारलं, “आन् त्यात थोरले किती?” मोजायला नवीन काहीतरी मिळालं होतं.

मला कधी कधी वाटतं, आपण नानांना नेतो ते त्यांना कळतं म्हणून नेतच नाही. पंचवीस हजार रुपये ही मास्तरच्या घरात छातीत धडधड करणारी रक्कम असते. ती एका डबीवर ठेवताना शेजारी कुणीतरी उभं लागतं. निर्णय बरोबर आला तर तो आपला, चुकला तर नानांचा. एवढा भार वाटून घेणारा माणूस कप-दीड कप चहात मिळतो, आणि तो परतीच्या एसटीत सात-आठ किलोचा ठोकळा पायांत धरून बसतो, तेही ज्या वस्तूला त्यानं विरोध केला तीच.

तेव्हा घरात नवं मशीन घ्यायचं असेल तर नानांना जरूर न्या. तुमच्या गावातही ते आहेत, नाव वेगळं असेल. ते कितीही कोअर म्हणोत, मान हलवा. फक्त घरातून निघण्याआधी दोन गोष्टी करा. मशीनवर काय काम करायचंय ते कागदावर लिहून घ्या, आणि यूपीएसचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा.